अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचंय? आधी आयसीयूचा हिशोब समजून घ्या

आपल्याकडे भूल देतात ते भूलतज्ज्ञ डॉक्टर. ओटीतल्या सिस्टर त्यांच्या हाताशी असतात, पण स्वतः भूल देणारी नर्स असं पद इथे नाही. अमेरिकेत ते आहे आणि जुनं आहे. या नर्सेसची राष्ट्रीय संघटना १९३१ सालची. पदाचं नाव सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स ॲनेस्थेटिस्ट, म्हणजेच सीआरएनए. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा ॲनेस्थेशिया टेक्निशियनचा अभ्यासक्रम वेगळा आहे. तो करून सीआरएनए होता येत नाही, कारण तिथली पहिलीच अट नर्स असण्याची आहे.

सीआरएनएच्या अभ्यासक्रमाला प्रवेशाची पात्रता सांगायला सोपी आहे: नर्सिंगची पदवी, अमेरिकेतल्या राज्याचं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स आणि किमान एक वर्ष पूर्णवेळ आयसीयूचा अनुभव. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनी आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण करावं.

खरी अडचण आयसीयूच्या अटीत आहे. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेच्या व्याख्येनुसार हा अनुभव अमेरिकेतल्या, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांतल्या किंवा अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातलाच लागतो. पुण्यात दहा वर्षं व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळलेल्या सिस्टरचंही ते एक वर्ष तिथे नव्याने सुरू होतं. हे ऐकून वाईट वाटतं, मला स्वतःला ही अट जाचक वाटते. पण इथली वर्षं वाया जात नाहीत. तिथे थेट आयसीयूत नोकरी मिळायला तीच उपयोगी पडतात. म्हणून कुणी एजंट ‘इथूनच थेट प्रवेश मिळवून देतो’ म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

सुरुवात लायसन्सपासून होते. एक राज्य निवडून त्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचा. काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) मागतात, तेव्हा ते आधीच पाहून घ्या. बहुतेक ठिकाणी शिक्षणाची पडताळणी ट्रूमेरिट (आधीचं नाव सीजीएफएनएस) या संस्थेकडून करून घ्यावी लागते. त्यासाठी कॉलेजकडून थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या तासांसह ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीचा दाखला, दोन्ही परस्पर त्या संस्थेकडे जावे लागतात. तुमच्या हातची झेरॉक्स चालत नाही. त्यानंतर एनसीलेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा. ती भारतातून देता येते. फी २०० डॉलर, शिवाय अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी १५० डॉलर आणि कर.

मुलींनो, नावाकडे फार लक्ष द्या. मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, अशा फरकामुळे फाईल महिनोन् महिने अडकते. विवाह नोंदणी दाखला आणि नाव बदललं असल्यास राजपत्राची प्रत अर्जासोबतच तयार ठेवा.

व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसास्क्रीन (शिक्षण, लायसन्स आणि इंग्रजी तपासल्याचं) प्रमाणपत्र लागतं. रुग्णालयामार्फत ग्रीन कार्डचा अर्ज होतो तो ईबी-३ या नोकरीवर आधारित गटात, आणि भारतात जन्मलेल्यांची त्यातली रांग गेली काही वर्षं दहा वर्षांहून लांब आहे. जोडीदार तिथे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे एच-४ व्हिसावर राहणाऱ्या, कामाचा परवाना मिळालेल्या मराठी नर्सेसना त्यामानाने लवकर सुरुवात करता येते.

आयसीयूचं वर्ष भरताना कामही तसंच हवं: व्हेंटिलेटर, इन्व्हेसिव्ह मॉनिटरिंग (रक्तवाहिनीत नळी घालून सतत नोंद), रक्तदाब सांभाळणारी इन्फ्युजन. अनेक कॉलेजांना सीसीआरएन हे गंभीर रुग्णांच्या सेवेतल्या नर्सेसचं प्रमाणपत्रही हवं असतं. त्याच्या नेहमीच्या मार्गाने जायचं तर दोन वर्षांत गंभीर रुग्णांच्या थेट सेवेचे १,७५० तास लागतात, त्यांतले ८७५ शेवटच्या वर्षातले. प्रवेशाच्या अर्जात ट्रान्सक्रिप्ट, शिफारसपत्रं आणि स्वतःबद्दलचं निवेदन असतं. एक पत्र आयसीयूच्या नर्स मॅनेजरचं असलेलं बरं. एखाद्या सीआरएनएसोबत ओटीत दिवसभर उभं राहून काम पाहिलं असेल, तर तेही लिहा. मुलाखतीत औषधांचे डोस आणि त्यामागची कारणं विचारतात.

२०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटच करावी लागते. अभ्यासक्रम किमान ३६ महिन्यांचा, त्यात किमान ६०० केसेस आणि २,००० क्लिनिकल तास. शेवटी राष्ट्रीय परीक्षा: १०० ते १७० प्रश्न, वेळ तीन तास. शिकताना नोकरी करणं जवळजवळ अशक्य असतं, तेव्हा फीसोबत तीन वर्षांच्या घरखर्चाचीही तजवीज आधी करा.

आज काय करता येईल? कॉलेजच्या ऑफिसात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज द्या आणि त्याची पोच सही-शिक्क्यासह घ्या.