बीएमआयचे माप आणि वजनावरून होणारा भेदभाव : पार्श्वभूमी

जून 2023 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने मान्य केले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, हे माप प्रामुख्याने मागील पिढ्यांतील गोऱ्या लोकांच्या आकडेवारीवर बेतलेले आहे आणि वर्णद्वेषी हेतूंसाठीही ते वापरले गेले आहे. ही कबुली फार उशिरा आली. गुडघा दुखो वा धाप लागो, जाड बाईला ‘आधी वजन कमी करा’ एवढे सांगून परत पाठवले जाते, तपासण्या लांबतात आणि आजार बळावतो. या वागणुकीला शास्त्राचा आधार याच आकड्याने पुरवला.

बीएमआयचे सूत्र, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागणे, बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी 1832 मध्ये मांडले. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, रुग्ण तपासायचे नव्हते. मात्र त्याच काळात युरोपात वंशांची उतरंड लावण्याचे काम शास्त्राच्या नावाने चालू होते. सारा बार्टमन या दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई जमातीच्या स्त्रीला 1810 पासून लंडनमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये, तिच्या भरदार नितंबांसाठी, पैसे घेऊन लोकांना दाखवले गेले. 1815 मध्ये ती वारल्यावर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी तिच्या देहाचे विच्छेदन केले आणि तिचे अवशेष मायदेशी पोहोचायला 2002 साल उजाडले. काळ्या स्त्रीचे शरीर म्हणजे मर्यादा सोडलेले शरीर, ही समजूत अशाच अभ्यासांतून प्रतिष्ठित झाली.

विसाव्या शतकात अमेरिकी आयुर्विमा कंपन्यांचे उंचीनुसार वजनाचे तक्ते दवाखान्यांत पोहोचले. 1972 मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सल कीज यांनी केतले यांच्या सूत्राला आजचे नाव दिले. त्यांच्या अभ्यासात पाच देशांतील पुरुष होते, स्त्री एकही नव्हती. 1998 मध्ये अमेरिकेत अतिवजनाची बीएमआय रेषा खाली, 25 वर आली आणि कोट्यवधी माणसे वजन तसूभरही न वाढता अतिवजनी ठरली. आज तेथे या मापाने लठ्ठ ठरणाऱ्यांचे प्रमाण काळ्या स्त्रियांत सर्वाधिक आहे. वास्तविक, तेवढाच बीएमआय असलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा त्यांच्या पोटातील अवयवांभोवतीची चरबी सरासरीने कमी असते.

भारतीयांच्या बाबतीत हेच माप उलट दिशेने चुकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले : दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांमधील धोका ओळखण्यासाठी बीएमआयचे 23 आणि 27.5 हे जादा टप्पे सुचवले, आणि 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची रेषा 30 ऐवजी 25 वर आणली.