ठासणीच्या रायफलीची नळी साफ करणे

ठासणीच्या रायफलीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. अशा रायफलीत काळी दारू जळून उरलेला क्षारांचा थर पाण्याने विरघळवून काढणे, मग नळी पूर्ण कोरडी करणे आणि शेवटी तेलाचा पातळ हात देणे, या तिन्ही कामांना मिळून नळीची सफाई म्हणतात. ती नेमबाजी झाली त्याच दिवशी व्हायला हवी. आधुनिक काडतुसांच्या रायफलीची सफाई चार दिवस लांबली तरी बहुधा काही बिघडत नाही. इथे मात्र दमट हवेत एका रात्रीतही गंज धरू शकतो, आणि नळीच्या आतल्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडले की ते भरून येत नाहीत.

काळ्या दारूत वजनाने साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. जळताना तिचा निम्म्याहून कमी भाग वायुरूप होतो. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पात्रात दारू जाळून मोजमापे घेतली, तेव्हा वजनाचा सुमारे ५६ टक्के भाग घन अवशेषाच्या रूपात मिळाला. यातला बराच भाग पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला नळीला चिकटतो. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट आणि पोटॅशियम सल्फाइड असते, शिवाय थोडा न जळलेला कोळसा व गंधक. पोटॅशियम कार्बोनेट हवेतली वाफ ओढून घेते. त्यामुळे वरवर कोरडा दिसणारा थर काही तासांत ओलसर होतो आणि पोलादावर क्षारांचे पाणी साचून राहते.

हे क्षार पाण्यात सहज विरघळतात, खनिज तेलात नाही. सफाईची सगळी रीत यावरूनच ठरते. आधुनिक काडतुसांतल्या धूरविरहित दारूसाठी बनवलेले पेट्रोलियमचे द्रावण नळीत फिरवले तर चिंधी काळी होऊन बाहेर येते आणि काम झाल्याचा भास होतो, पण क्षार जागच्या जागी राहतात. त्यावर तेल चढवले की क्षार तेलाखाली झाकले जातात आणि गंज आतल्या आत वाढतो.

नळीत साचणाऱ्या या थराने शस्त्रांच्या घडणीलाही वळण दिले आहे. रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात; त्यांत घट्ट बसणारी गोळी काही बारांनंतर ठासता येईनाशी होई, म्हणून लढाईत रायफल बराच काळ मोजक्या नेमबाजांपुरती राहिली. १८४० च्या दशकाच्या अखेरीस क्लोद-एतिएन मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याची पोकळ बुडाची गोळी आली. ती नळीहून थोडी बारीक असल्याने मळलेल्या नळीतही सहज उतरे आणि बार होताना फुगून खाचांत बसे. ०.५७७ इंची नळीची ब्रिटिश सैन्याची १८५३ ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर चाले. तिच्या काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे. गोळी सहज उतरावी आणि आतला थर मऊ राहावा, हा त्यामागचा हेतू. त्या चरबीवरून १८५७ मध्ये काय घडले हे सर्वश्रुत आहे. पुढे गोळीचा व्यासही ०.५६८ वरून ०.५५० इंचावर आणावा लागला, कारण मळलेल्या नळीत मूळची गोळी अडकत होती. ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांची षटकोनी नळीची रायफल १८५७ च्या चाचण्यांत एनफिल्डपेक्षा कितीतरी अचूक ठरली, तरी ती सरसकट सैन्याला दिली गेली नाही. तिची किंमत जास्त होती आणि नळीही लवकर मळत होती.

सफाईला हात घालण्यापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री करणे ही अट आहे आणि तिला अपवाद नाही. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गजावर रिकाम्या नळीच्या खोलीची खूण केलेली असावी. गज आत सोडला की तो बुडावर आपटून खणखणीत आवाज यायला हवा आणि खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. टोपीच्या रायफलीवरची टोपी, म्हणजे घोडा आपटून ठिणगी देणारी धातूची छोटी टोपी, काढलेली असावी; चकमकीच्या रायफलीत रंजकाची, म्हणजे बार पेटवणारी बाहेरची दारू पुसलेली असावी. हे करताना नळीचे तोंड कोणाच्याही दिशेला, स्वतःच्याही, नसावे.

नळी दस्त्यातून सुटणारी असेल तर काम सोपे. घोडा आणि कमानींची यंत्रणा बाजूला काढावी, टोपीच्या रायफलीचे निपल, म्हणजे टोपी बसते ते छोटे पोकळ बोंड, फिरवून सोडवावे आणि नळीचे बूड पाण्याच्या बादलीत ठेवावे. गजाच्या टोकाला जॅग, म्हणजे चिंधी धरणारे खाचांचे टोक, लावून त्यावर ओली चिंधी घालायची आणि गज वरखाली चालवायचा. चिंधी घट्ट असेल तर गज वर ओढताना बुडाच्या छिद्रातून पाणी नळीत चढते आणि खाली दाबताना जोराने बाहेर पडते, म्हणजे बुडापासून तोंडापर्यंत सगळा भाग धुतला जातो. पहिले पाणी काळे येते आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. तो सल्फाइडपासून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. पाणी दोनतीनदा बदलावे. ज्या रायफलींची नळी खिळ्यांनी दस्त्यात पक्की केलेली असते त्यांची नळी दर वेळी काढू नये, कारण खिळ्यांची भोके सैल होतात आणि लाकूड तडकते. तिथे कान, म्हणजे बुडाशी असलेले ठिणगीचे छिद्र, लाकडी काडीने बंद करून तोंडातून थोडे पाणी ओतावे, हलवावे आणि तोंड खाली करून ओतून टाकावे.

पाणी किती गरम असावे यावर जुना वाद आहे. सैन्यातली पूर्वीची रीत उकळत्या पाण्याची होती आणि तिचा हेतू सरळ होता, तापलेली नळी आपोआप सुकते. पण तापलेले उघडे पोलाद सुकता सुकताच तांबूस होते. तेलाचा हात देण्याआधीच चिंधीवर गंजाची छटा दिसते. हे क्षार थंड पाण्यातही भरपूर विरघळतात, त्यामुळे कोमट पाणी पुरते आणि तेच वापरावे. साबणाचे दोनचार थेंब गोळीची चरबी काढायला उपयोगी आहेत, क्षारांसाठी त्यांची गरज नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेली मिश्रणे काही नेमबाजांत लोकप्रिय आहेत. फेस येतो, मळ झपाट्याने सुटतो, पण पेरॉक्साइड ऑक्सिडीकारक आहे आणि जे टाळायचे त्यालाच ते मदत करते. साध्या पाण्याने होणाऱ्या कामासाठी ते आणू नये.

चिंधी आणि जॅग यांचा मेळ जमला नाही तर बाकी सगळे नीट असूनही सफाई अर्धवट राहते. आत जाताना चिंधी मळावरून सरकली पाहिजे आणि बाहेर येताना जॅगच्या खाचांत गोळा होऊन मळ ओढून आणला पाहिजे. फार सैल चिंधी आतच सुटते. तिला काढायला गजावर मळसूत्री आकडा लावावा लागतो आणि तो हाताशी नसेल तर रायफल त्या दिवसापुरती बंद. पितळी तारांचा ब्रश शिशाचा थर काढायला चांगला, पण घट्ट नळीत तो बुडाशी अडकतो. गज लाकडी, पितळी किंवा फायबरग्लासचा असावा. गज काठावर घासून नळीचे तोंड झिजले की गोळी सुटताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि अचूकता जाते, म्हणून तोंडात बसणारे मार्गदर्शक कडे वापरणे चांगले.

नळी सहसा खराब होते ती बुडाशी. जॅगचे टोक सपाट आणि बुडाचा तळ गोलसर असेल तर कडेला मळाचे वर्तुळ राहून जाते. अनेक रायफलींच्या बुडात नळीहून अरुंद कप्पा असतो, त्यात नेहमीची चिंधी शिरतच नाही. तिथे बारीक ब्रश, त्यावर गुंडाळलेली छोटी चिंधी आणि तळ खरवडायला चपट्या टोकाचे खरवडणे लागते. वरचा भाग आरशासारखा लखलखीत आणि बूड खाल्लेले, अशा जुन्या नळ्या बऱ्याच आढळतात. त्यामुळे जुनी रायफल पारखताना बारीक दिवा आत सोडून आधी बूडच पाहावे.

धुऊन झाल्यावर कोरड्या चिंध्या एकामागून एक फिरवाव्यात. शेवटच्या एकदोन चिंध्या अल्कोहोलने ओल्या केल्या तर कोपऱ्यांत उरलेले पाणी त्यात मिसळून उडून जाते. मग गंजरोधक तेल, तेही पातळ. नळीला चरबी पाजून ती मुरवता येते असा समज जुना आहे आणि अजून ऐकू येतो. आधुनिक पोलादात चरबी मुरत नाही, ती फक्त पृष्ठभागावर राहते आणि खाली क्षार उरले असतील तर त्यांना झाकून ठेवते. निपलच्या आट्यांना थोडे ग्रीस लावूनच ते परत बसवावे, नाहीतर पुढच्या वेळी ते निघत नाही.

नेमबाजी चालू असताना बारांच्या मध्ये चिंधी फिरवणे हा वेगळा विषय आहे. कोरड्या, उष्ण हवेत थर कडक होतो, दमट हवेत मऊ राहतो. जेमतेम ओलसर चिंधी एकदा खाली नेऊन वर काढली की पुरते. निथळती चिंधी मळाचा चिखल बुडात ढकलते, ठिणगीची वाट बंद होते आणि पुढचा बार फुसका जातो. आत निखारा राहिला असेल तर तोही या चिंधीने विझतो.

काळ्या दारूऐवजी वापरल्या जाणाऱ्या पर्यायी दारूंना हेच नियम सरसकट लागू होत नाहीत. पायरोडेक्समध्ये पोटॅशियम परक्लोरेट असते, त्यातून क्लोराइड उरते आणि ते पोलादाला अधिक त्रासदायक असते, म्हणून पाण्याची सफाई जास्त काटेकोर लागते. ट्रिपल सेव्हनचा अवशेष पाण्याने निघतो. ब्लॅकहॉर्न २०९ धूरविरहित दारूसारखी नायट्रोसेल्युलोजची असल्याने तिला पाणी नव्हे, पेट्रोलियमचे द्रावण लागते.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी एकदा फिरवून पाहावी. ती तपकिरी आली तर कुठेतरी ओल उरली आहे, सफाई पुन्हा करावी. साठवताना नळीचे तोंड खाली ठेवतात, म्हणजे तेल बुडात उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. पुन्हा बार भरण्याआधी हे तेल कोरड्या चिंधीने पुसून टाकावे आणि टोपीच्या रायफलीत नळी रिकामी असतानाच, तोंड सुरक्षित दिशेला धरून, एकदोन नुसत्या टोप्या उडवाव्यात. तोंडासमोर ठेवलेले गवताचे पाते हलले तर ठिणगीची वाट मोकळी आहे.