ठराव झाला, पण तरतूद आहे का? पालिकेचा खर्च तपासण्याचा अर्ज आणि ठरावावरची हरकत

सभेत ठराव झाला म्हणजे काम मंजूर, असं बहुतेकांना वाटतं. सातारा, कराड, विटा, तासगाव, पालिका कुठलीही घ्या. ठरावाने पैसा तयार होत नाही. पैसा लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटातल्या त्या-त्या खर्चाच्या ठरलेल्या खात्याखाली असतो. त्या लेखाशीर्षाला तरतूद किती, त्यातली आधीच्या कामांत किती अडकली आणि शिल्लक किती, हे तीन आकडे मिळाले की काम होणार की नुसता नारळ फुटणार, ते कळतं. हे आकडे मिळवण्याचा अर्ज दहा रुपयांचा आहे.

आधी कायदा थोडक्यात. नगरपालिका आणि नगरपंचायतींना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 लागू आहे. कलम 101 प्रमाणे मुख्याधिकाऱ्यांनी मांडलेलं बजेट फेब्रुवारीअखेर विशेष सभेत मंजूर व्हावं लागतं आणि 1 एप्रिलपासून ते चालू होतं. तरतूद नसलेला खर्च करता येत नाही. करायचाच असेल तर दुसऱ्या लेखाशीर्षातली रक्कम पुनर्विनियोजनाने आणावी लागते, आणि त्याचाही ठराव लागतो. बजेट तुटीचं चालत नाही, म्हणून कागदावर ते कायम शिल्लकीचं दिसतं. ती शिल्लक बहुधा जमेच्या बाजूला फुगवलेल्या घरपट्टीच्या थकबाकीतून आणि अजून न आलेल्या अनुदानातून निघालेली असते. बजेटात मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज शेजारी-शेजारी छापलेले असतात. वाचायला तिथून सुरुवात करा.

सगळा पैसा मोकळाही नसतो. महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी प्रत्येकी 5 टक्के राखावे लागतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी दिलेल्या निधीतला 60 टक्के बंधित होता, निम्मा पिण्याच्या पाण्याशी आणि निम्मा स्वच्छता-घनकचऱ्याशी बांधलेला. उरलेले 40 टक्के अबंधित असले तरी त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नव्हता. घनकचऱ्याच्या बंधित निधीतून चौक सुशोभीकरण झालं असेल, तर तो आक्षेपाचा मुद्दा आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, ‘गटार बांधकाम व दुरुस्ती’ या लेखाशीर्षाला 40 लाखांची तरतूद आहे. मागच्या वर्षी कार्यारंभ आदेश दिलेल्या कामांची 26 लाखांची बिलं द्यायची राहिली आहेत. यालाच दायित्व म्हणतात. मोकळे राहिले 14 लाख. तरीही जूनच्या सभेत 22 लाखांच्या गटाराचा ठराव होतो. लेखापालाने ‘तरतूद उपलब्ध’ असा शेरा मारताना नुसता 40 चा आकडा पाहिला असेल, तर ठेकेदाराचं बिल मार्चमध्ये अडकतं. मग ते अनामत खात्यातून भागवायचा मोह होतो. अनामत ही ठेकेदारांची ठेव, पालिकेचं उत्पन्न नव्हे. लेखापरीक्षणात वर्षानुवर्षं सापडणाऱ्या चुकांपैकी ही एक आहे.

माहिती मागण्याचा अर्ज

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली कोणीही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो. त्याच गावचा रहिवासी असण्याची अट नाही. ‘जोडपत्र अ’ हा अर्जाचा नमुना भरायचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि पालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने आवक विभागात द्यायचा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी लागत नाही. कारण विचारलं तरी सांगण्याचं बंधन नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. गल्लीतला रस्ता, पाणी आणि दिवाबत्ती एकाच अर्जात घातली की अर्ज परत यायला निमित्त मिळतं.

शब्द जपून वापरा. पालिकेत ‘अंदाजपत्रक’ म्हणजे वार्षिक बजेटही आणि एखाद्या कामाचं इंजिनिअरने काढलेलं एस्टिमेटही. नुसतं ‘अंदाजपत्रकाची प्रत’ मागितली तर भलताच कागद हातात येतो, आणि मग पुन्हा महिना जातो. म्हणून असं लिहा: ‘अमुक आर्थिक वर्षाच्या मंजूर वार्षिक अंदाजपत्रकातील अमुक लेखाशीर्षाची तरतूद, आजअखेरचा खर्च व दायित्व दर्शवणाऱ्या नोंदवहीची प्रत, तसेच ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यातील कामाची तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तकातील नोंदींच्या प्रती.’ मोजमाप पुस्तक, म्हणजे ऑफिसच्या भाषेत एमबी, विसरू नका. कागदावर 60 मीटर आणि जागेवर 45 मीटर, हा फरक तिथेच सापडतो.

प्रती पानाला 2 रुपये. पानं खूप असतील तर आधी अभिलेख पाहणी, म्हणजे ऑफिसात बसून कागद बघणं, मागा. पहिल्या तासाला फी नाही. हवी तीच पानं खुणा करून घ्या. बजेटची माहिती मागणीशिवाय जाहीर करणं कलम 4 नुसार पालिकेवर बंधनकारकच आहे, तेव्हा अर्जाआधी पालिकेची वेबसाइट पाहून घ्यावी. 2022 ते 2025 मध्ये बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. त्या काळातलं काम असेल तर सभेचं इतिवृत्त न मागता ‘प्रशासकांचे ठराव’ असं लिहा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांच्या स्टँपवर प्रथम अपील. तिथेही न जमलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील.

ठरावावर हरकत

1965 च्या नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी पालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. ठराव बेकायदेशीर आहे, लोकहिताला बाधक आहे किंवा त्यातून शांतताभंग होईल, यापैकी काहीतरी दाखवावं लागतं. ठराविक नमुना नाही. साध्या कागदावर ठराव क्रमांक, तारीख, विषय क्रमांक, मोडलेली तरतूद आणि ‘कलम 308 अन्वये अंमलबजावणी तहकूब करावी’ अशी स्पष्ट मागणी लिहा. सोबत ठरावाची आणि लेखाशीर्षाच्या शिलकेची प्रत, शिवाय मतदार ओळखपत्र किंवा घरपट्टीची पावती जोडा. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेत द्या, एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. ठराव क्रमांक न देता ‘मोठा भ्रष्टाचार झाला आहे’ एवढंच लिहिलं, तर अर्ज अभिप्रायासाठी मुख्याधिकाऱ्यांकडेच फिरून येतो.

दोन ठिकाणी जास्त लक्ष द्या. एक, एकाच रस्त्याचे तुकडे पाडून छोटी छोटी एस्टिमेट केलेली असतात, निविदेची मर्यादा चुकवायला. ठरावांचे लागोपाठ क्रमांक आणि गल्लीची नावं जुळवली की ते दिसतं. दुसरं, कलम 58(2). आणीबाणीत नगराध्यक्ष सभेच्या मंजुरीआधी काम करवून घेऊ शकतात, पण ते सभेपुढे ठेवावं लागतं. फुटलेल्या जलवाहिनीला हे कलम चालतं. पेव्हर ब्लॉकला कसली आणीबाणी?

सांगली, मिरज, कुपवाडकरांनी मात्र वरचं 308 वापरू नये. तिथे महापालिका आहे, कायदा वेगळा (1949 चा), आणि कलम 451 प्रमाणे ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार राज्य शासनाचा. अर्ज नगरविकास विभागाकडे जातो, प्रत आयुक्तांना.

हरकत कार्यारंभ आदेशाच्या आधी पोचायला हवी. डांबर पडल्यावर तहकुबीला अर्थ उरत नाही. मग स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाला त्याच कागदांसह लेखी कळवा, म्हणजे त्या वर्षाच्या तपासणीत तो व्हाउचर बाहेर काढायला त्यांच्या हातात निदान क्रमांक तरी असतो.