ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार : गोळी आणि दारूची निवड

नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालून ती गजाने ठासायची, अशा बंदुकीने हरणाची शिकार करताना गोळीचा प्रकार, तिचे वजन, दारूची जात आणि माप ठरवण्याची पद्धत. अशी शिकार आज मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत होते. तिथल्या बहुतेक राज्यांत आधुनिक रायफलींच्या हंगामाखेरीज ठासणीच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम असतो. सर्वाधिक शिकार पांढऱ्या शेपटीच्या हरणाची होते. पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगराळ भागात म्यूल डीअरची.

कारखान्यात भरलेले काडतूस इथे नसते. प्रत्येक बार, म्हणजे एका वेळची दारू आणि गोळी, शिकारी स्वतःच्या हाताने भरतो, त्यामुळे गोळी, दारू आणि नळी यांचा मेळ घालणे ही त्याचीच जबाबदारी ठरते. दुसरा बार भरायला सरावलेल्या माणसालाही अर्धे मिनिट सहज लागते आणि तोवर हरीण नजरेआड गेलेले असते. पहिल्याच गोळीत जनावर तत्काळ मरावे, जखमी होऊन रानात तडफडत राहू नये, ही या निवडीमागची खरी कसोटी आहे. वेग, ताकद आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करायचा.

बंदुकांचे प्रकार

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, लहान व्यासाची चकमकीची रायफल घडवली. पुढे पश्चिमेकडे मोठी जनावरे मारायची वेळ आली तेव्हा सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकन या भावांच्या, आखूड नळीच्या आणि .५० ते .५४ कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे इंचांत मोजलेला नळीचा व्यास) टोपीच्या रायफली, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीने बार उडवणाऱ्या, नावाजल्या गेल्या. काडतुसे आल्यावर हे सारे मागे पडले. १९३३ मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि जुन्या बंदुकांचा नाद संघटित झाला. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी तिच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. १९७० मध्ये थॉम्पसन/सेंटर कंपनीने हॉकनच्या धर्तीवरची रायफल बाजारात आणली आणि ठासणीची बंदूक सामान्य शिकाऱ्याच्या हाती परत आली.

१९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी एमके-८५ ही बंदूक काढली, तेव्हापासून या क्षेत्राचे दोन तट पडले. तिच्यात ठिणगी बाजूच्या कानातून न येता नळीच्या बुडातून, सरळ रेषेत दारूवर पडते. म्हणून या घडणीला ‘इन-लाइन’ म्हणतात. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक शिकारी बंदुका याच घडणीच्या आहेत. त्यांच्यात साध्या टोपीऐवजी शॉटगनच्या काडतुसाचा २०९ क्रमांकाचा प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटून दारूला आग देणारा भाग, वापरतात.

नळीतले आटे आणि गोळी

गोळी निवडण्याआधी नळी तपासावी लागते. नळीच्या आतल्या पेचदार आट्यांमुळे गोळीला फिरकी मिळते. हे आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात, यावर कोणती गोळी चालेल हे बरेचसे ठरते. गोल गोळीला स्थिर राहायला थोडीच फिरकी पुरते; तिच्यासाठी ६६ ते ७० इंचांत एक फेरा घेणारे, खोल आटे चांगले. फिरकी जास्त असेल आणि दारूही जास्त घातली, तर गोळीभोवतीची चिंधी आट्यांवरून घसरते आणि नेम विस्कटतो. लांबुडक्या गोळीला मात्र भरपूर फिरकी लागते, नाहीतर ती हवेत कोलमडते. इन-लाइन बंदुकांत म्हणूनच २८ इंचांत एक फेरा आणि उथळ आटे असतात. ४८ इंचांचा फेरा ही मधली तडजोड. बऱ्याच हॉकन धाटणीच्या बंदुकांत तो सापडतो. चिंधीतली गोल गोळी आणि आखूड लांबुडकी गोळी अशा दोन्ही त्यात चालतात, पण प्रत्येक नळीचा कल वेगळा निघतो.

बाजारात आकर्षक वेष्टनातल्या गोळ्यांची गर्दी आहे आणि नवशिका बहुधा तिथूनच सुरुवात करतो. आधी नळीवरचा किंवा माहितीपुस्तिकेतला फेऱ्याचा आकडा वाचला, तर निम्मे पर्याय तिथेच गळतात आणि खर्चही वाचतो.

गोळ्यांचे प्रकार

चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी हा सर्वांत जुना प्रकार. गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान घेतात : .५० कॅलिबरच्या नळीत ०.४९० इंचांची, .५४ च्या नळीत ०.५३० इंचांची. उरलेली फट घट्ट विणीच्या सुती कापडाची, चरबी किंवा मेणयुक्त वंगण लावलेली चिंधी भरून काढते. तीच आट्यांत रुतून गोळीला फिरवते आणि मागचा धूरवायू अडवते. शुद्ध शिशाच्या ०.४९० इंची गोळीचे वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते, ०.५३० इंचीचे सुमारे २२४ ग्रेन. व्यासात जेमतेम आठ टक्क्यांची वाढ, पण वजनात सव्वापट. गोल गोळी अधिक जड करायची तर व्यास वाढवण्यावाचून मार्ग नाही. म्हणून गोल गोळीनेच शिकार करणारे अनुभवी लोक .४५ पेक्षा .५० आणि .५० पेक्षा .५४ पसंत करतात. .४५ ची गोळी १२८ ग्रेनच्या आसपास असते. जवळच्या अंतरावर ती हरणाला पुरते, पण चुकीला फार कमी जागा ठेवते.

गोल गोळीचा दोष हवेत दिसतो. नळीतून सेकंदाला १,८०० फुटांच्या आसपास वेगाने सुटलेली .५० ची गोळी १०० यार्डांवर (सुमारे ९१ मीटर) पोहोचेपर्यंत निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा गमावते. मध्यम आडव्या वाऱ्यातही तेवढ्या अंतरावर ती वीतभर सरकू शकते. ७५ यार्डांच्या आत, हरीण आडवे उभे असताना छातीवर नेम धरला, तर हीच गोळी अत्यंत भरवशाची आहे : मऊ शिसे पसरते, फुप्फुसे फाटतात आणि मांस फारसे वाया जात नाही. जंगलात हरणे बहुतेकदा याच अंतरात दिसतात. गोल गोळीला जुनाट म्हणून बाजूला सारण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

नळीच्या पूर्ण व्यासाच्या लांबुडक्या गोळ्या हा दुसरा वर्ग. फ्रान्सच्या क्लोद-एत्येन मिन्ये यांनी १८४९ मध्ये पोकळ बुडाची गोळी पुढे आणली. बार उडताच तिचा घेर फुगून आट्यांत बसतो, त्यामुळे ती सैल असताना पटकन ठासता येते. अमेरिकेच्या यादवी युद्धात .५८ च्या रायफलींतून हीच चालली. शिकारीसाठीच्या आजच्या लांबुडक्या गोळ्या ३५० ते ४५० ग्रेनपर्यंत जड असतात आणि हाडातूनही आरपार जातात. त्या मऊ, शुद्ध शिशाच्याच हव्यात. गाडीच्या चाकांवरच्या वजनांसारखे कडक मिश्रण वितळवून ओतले तर गोळी ठासताना अडते आणि आट्यांत नीट बसतही नाही. जड गोळीचा वेग कमी असल्याने ती लवकर खाली येते आणि खांद्याला धक्काही मोठा बसतो. एल्कसारख्या थोराड जनावराला ती शोभते. हरणाला एवढे वजन लागत नाही. या गोळ्यांचा आणखी एक धोका असा, की बंदूक तोंड खाली करून वाहिली तर सैल गोळी दारूवरून पुढे सरकू शकते.

तिसरा वर्ग सॅबोचा. नळीपेक्षा लहान व्यासाची, बहुधा .४४ किंवा .४५ च्या पिस्तुलाच्या धाटणीची गोळी प्लास्टिकच्या पेल्यात बसवतात. पेला आटे धरतो, गोळीला फिरवतो आणि नळीबाहेर पडताच गळून पडतो. २४० ते ३०० ग्रेनच्या अशा गोळ्या गोल गोळीपेक्षा हवा कितीतरी चांगली कापतात. इन-लाइन बंदुकीतून, दुर्बीण लावून आणि पुरेसा सराव असेल तर १५० यार्डांपर्यंत त्यांचा भरवसा धरता येतो. नळीत काजळी साचली की सॅबो ठासणे जड जाते आणि तापलेल्या नळीत प्लास्टिक मऊ पडते, म्हणून प्रत्येक बारानंतर नळी पुसावी लागते. चौथा, अलीकडचा प्रकार म्हणजे बुडाला प्लास्टिकची कडी असलेली पूर्ण व्यासाची गोळी. ‘पॉवरबेल्ट’ हे त्यातले प्रसिद्ध नाव. ती सहज ठासता येते, पण मऊ शिशाच्या अशा गोळीमागे दारू फार भरली तर ती जनावराच्या अंगात फुटून विखुरते. तिच्यासाठी बेताचाच बार योग्य.

दारू

काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण, दाण्याच्या जाडीनुसार मिळते. मोठ्या व्यासाच्या रायफलींत ‘दोन एफ’ आणि लहान व्यासाच्या नळ्यांत त्याहून बारीक ‘तीन एफ’ वापरण्याचा रिवाज आहे. चकमकीच्या बंदुकीत खरी काळी दारूच घ्यावी. तिच्या पर्यायांना पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीची ठिणगी तेवढी देत नाही. या पर्यायांपैकी पायरोडेक्स १९७६ मध्ये आले. त्यानंतरचे ट्रिपल सेव्हन गंधकाशिवायचे असून तेवढ्याच मापात काळ्या दारूपेक्षा अधिक जोर देते, म्हणून त्याचे माप कमी ठेवतात. ब्लॅकहॉर्न २०९ मागे काजळी फार कमी सोडते, पण त्याला २०९ चा प्रायमर हवाच.

हे पर्याय वजनाने मोजायचे नसतात. काळ्या दारूसाठी केलेल्या मापाने, आकारमानानुसार ते मोजतात. तराजूवर ‘१०० ग्रेन’ पायरोडेक्स मोजले तर बार ठरल्यापेक्षा बराच जास्त होतो. आधुनिक काडतुसातली धूररहित दारू या बंदुकांत कधीही घालू नये. नळी फुटून हात आणि डोळे गमावल्याच्या दुर्घटना त्यातूनच घडतात. धूररहित दारूसाठी मुद्दाम घडवलेल्या मोजक्या बंदुका याला अपवाद आहेत आणि त्यांच्यावर तसे स्पष्ट नोंदलेले असते.

५० ग्रेन मापाच्या तयार वड्याही मिळतात. दोन वड्या म्हणजे १०० ग्रेनचा बार. तीन घालण्याची जाहिरात होते, पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तिसऱ्या वडीची गरज नसते. तिने धक्का, धूर आणि खर्च वाढतो आणि नेम बहुतेक वेळा बिघडतो. .५० च्या नळीत ७० ते १०० ग्रेनच्या दरम्यान बहुतेक बंदुकांना आपला चांगला बार सापडतो. निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडायची नाही.

कायदा

राज्याराज्यांत नियम इतके वेगळे आहेत, की एका राज्यात चालणारा बार शेजारच्या राज्यात गुन्हा ठरू शकतो. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चालत आलेला नाताळनंतरचा हंगाम केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी आहे. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात सॅबो, दारूच्या वड्या आणि दुर्बीण या तिन्हींना मनाई असून हरणासाठी किमान .४० आणि एल्कसाठी किमान .५० कॅलिबर लागते. अशा ठिकाणी लांबुडकी किंवा गोल गोळी, सुटी दारू आणि उघडे नेमकाटे हाच संच उरतो.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीला बंदी आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत, पण त्या परवान्याने भेकर किंवा सांबर मारण्याची मुभा मिळत नाही.

शिशाचा प्रश्न

शिशाची गोळी फुटली की तिचे कण मांसात आणि रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात. ती आतडी खाऊन कॅलिफोर्निया कॉन्डर हे दुर्मीळ गिधाड विषबाधेने मरत असल्याने कॅलिफोर्नियाने आधी कॉन्डरच्या क्षेत्रात आणि १ जुलै २०१९ पासून संपूर्ण राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. ठासणीच्या बंदुकीची मंद, जड गोळी वेगवान रायफलीच्या झटकन पसरणाऱ्या गोळीइतकी विखुरत नाही, तरी धोका शून्य नसतो. बार्न्ससारख्या कंपन्या सॅबोत बसणाऱ्या निव्वळ तांब्याच्या गोळ्या बनवतात. त्या पाकळ्यांसारख्या उमलतात आणि जवळजवळ पूर्ण वजन टिकवून आरपार जातात. महाग आहेत, पण घरात लहान मुले ते मांस खाणार असतील तर हा खर्च करावा असे मला ठामपणे वाटते.

पारख

अंतिम निर्णय चांदमारीच्या मैदानावरच होतो. २५ यार्डांवर सुरुवात करून ५० आणि मग १०० यार्डांवर जायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची : गोळी तीच ठेवून दारू पाच-दहा ग्रेननी कमीजास्त करायची, किंवा दारू तीच ठेवून चिंधीची जाडी बदलायची. दोन्ही एकदम बदलल्या तर काय सुधारले ते कळत नाही.

गोल गोळी वापरणाऱ्याने पुढे पडलेल्या चिंध्या गोळा करून पाहाव्यात. मध्ये काळी, कडेने शाबूत चिंधी म्हणजे बार जुळला. जळून भोके पडली असतील तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी पडले. आट्यांच्या रेषांवर कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाची धार तपासावी किंवा गोळी एक आकडा लहान घ्यावी. जुळलेल्या बाराची उंची गजावर खूण करून ठेवतात. पुढे प्रत्येक वेळी गज त्या खुणेपर्यंत गेलाच पाहिजे, कारण गोळी आणि दारू यांच्यात फट राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

शिकारीत पहिली गोळी थंड, स्वच्छ नळीतून सुटते, तर मैदानावरच्या बहुतेक गोळ्या काजळलेल्या नळीतून. दोन्हींचा मारा एकाच जागी पडतो असे नाही. म्हणून वेगवेगळ्या दिवशी स्वच्छ नळीतून पहिलीच गोळी झाडून ती कागदावर कुठे लागते याची नोंद ठेवतात. हरणाच्या काळजा-फुप्फुसांचा भाग साधारण आठ-नऊ इंचांचा असतो. ज्या अंतरापर्यंत ही पहिली गोळी दरवेळी तेवढ्या वर्तुळात, मांडीवर किंवा झाडाला टेकून, थंडीच्या जाड कपड्यांत झाडूनही पडते, तेवढीच त्या शिकाऱ्याची मर्यादा, मग वेष्टनावर कितीही यार्ड छापलेले असोत.