मोदकपात्र आणि कुकर: स्टीम कॅनर कुठला, प्रेशर कॅनर कुठला

ऑगस्ट संपत आला की डेन्व्हरच्या शेतकरी बाजारात टोमॅटोची खोकीच्या खोकी लागतात. स्वस्त म्हणून आपण दहा किलो उचलतो आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आंबूस वास यायला लागतो. अशाच एका खोक्याच्या धास्तीनं मी स्टीम कॅनर घेतला आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या मावशीला दाखवला. खाली उथळ पातेलं, त्यात भोकांची ताटली, वर घुमटासारखं उंच झाकण. मावशी म्हणाली, "अगं, हे तर मोदकपात्र! एवढ्यासाठी डॉलर मोजलेस?"

मावशीनं एका दमात जे ओळखलं, ते दुकानाच्या फळीसमोर उभं राहून कळत नाही. तिथे स्टीम कॅनरच्या शेजारीच प्रेशर कॅनर ठेवलेला असतो. दोन्ही बहुधा अॅल्युमिनियमचे, दोन्ही वाफेवर चालणारे, दोन्ही बरण्या टिकाऊ करण्यासाठी. त्यामुळे एक स्वस्त आणि हलका, दुसरा महाग आणि भक्कम, एवढाच फरक असावा असं वाटतं. प्रत्यक्षात पहिलं मोदकपात्र आहे आणि दुसरा कुकर. मोदकपात्रात तुरीची डाळ शिजवायला कोणी ठेवत नाही. इथे मात्र तशी चूक सर्रास होते, आणि तिचं नुसत्या कच्च्या डाळीवर भागत नाही.

कॅनिंग म्हणजे काय ते आधी थोडक्यात. नावात कॅन असला तरी घरगुती कॅनिंगमध्ये पत्र्याचा डबा नसतोच, काचेच्या जाड बरण्या असतात. गरम बरणीत गरम पदार्थ भरायचा, वर थोडी जागा मोकळी सोडायची, रबराची कड असलेली चपटी चकती ठेवून वरून फिरकीची कडी हलक्या हातानं लावायची आणि बरणी ठरलेला वेळ तापवायची. आतली हवा बाहेर पडते, गार होताना चकती आत ओढली जाते आणि झाकण घट्ट बसतं. नीट झालं तर अशी बरणी वर्षभर फडताळात राहते, फ्रीज लागत नाही.

आता वाफेचं. स्टीम कॅनरच्या झाकणाला खाली बारीक भोकं असतात. वाफ तिथून सतत बाहेर पडते, आत दाब साठत नाही. म्हणून गॅस कितीही मोठा करा, समुद्रसपाटीला आतलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. प्रेशर कॅनरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब चढतो आणि तापमान ११६ ते १२१ अंशांपर्यंत पोचतं. आपल्या घरात हा फरक रोज वापरला जातो. त्याच कुकरमध्ये इडली लावायची तर आपण शिट्टी काढतो आणि डाळ लावायची तर शिट्टी ठेवतो. भांडं एकच, पण शिट्टीसकट आणि शिट्टीविना ती दोन वेगळी यंत्रं असतात.

मधले हे सोळा ते एकवीस अंश एवढे महत्त्वाचे का, त्याचं कारण मातीत आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू मातीत सगळीकडे असतो, म्हणजे बटाट्यावर, गाजरावर, शेंगांवर, लसणीवरही. त्याचे बीजाणू, म्हणजे बियांसारखी झोपलेली टणक रूपं, उकळत्या पाण्यात तासभर ठेवले तरी जगू शकतात. एरवी ते आपल्या पोटातही जातात आणि निरोगी मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण बंद बरणीत हवा नसते, ओल असते, आंबटपणा कमी असतो आणि खोलीचं तापमान असतं. बीजाणूंना उगवायला याहून चांगली जागा नाही. उगवलेला जंतू जे विष तयार करतो ते अतिशय जहाल. डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं इथून सुरुवात होते आणि पुढे श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. बरणीला वास येईलच, झाकण फुगेलच, असंही नाही.

या जंतूला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे आंबटपणा. पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बीजाणू उगवतच नाहीत. मग बाकीचे जंतू, बुरशी आणि यीस्ट मारायला १०० अंश पुरतात. दुसरी गोष्ट म्हणजे दाबाखालची वाफ. बीजाणू मरतात ते ११६ ते १२१ अंशांना, पदार्थानुसार ठरलेल्या वेळात. म्हणजे कुठला कॅनर घ्यायचा हे आपण ठरवायचं नसतं, ते पदार्थाचा आंबटपणा ठरवतो. जॅम, बहुतेक फळं, व्हिनेगरमधली लोणची आणि आंबटपणा वाढवलेला टोमॅटो स्टीम कॅनरमध्ये चालतो. मका, बटाटा, फरसबी, गाजर, राजमा, छोले, मांस, मासे यांना फक्त प्रेशर कॅनर. स्टीम कॅनरमध्ये दुप्पट वेळ ठेवला तर? तरी नाही. मोदकपात्रात चार तास वाफ दिली तरी तापमान शंभरच राहणार.

२०१५ च्या एप्रिलमध्ये ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावी चर्चच्या एका सामुदायिक जेवणानंतर २९ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला आणि एक जण दगावला. चौकशीत बोट आलं बटाट्याच्या सॅलडवर. त्यातले बटाटे घरी बरणीबंद केलेले होते, प्रेशर कॅनरमध्ये नव्हे तर उकळत्या पाण्याच्या कॅनरमध्ये, जिथे बरण्या पाण्यात बुडवून तापवतात आणि तापमान शंभरच्या वर जात नाही. हे विष तयार झाल्यावर मात्र उष्णतेपुढे टिकत नाही, बरणीतला पदार्थ खाण्याआधी नीट उकळला तर ते नष्ट होतं. पण सॅलडचे बटाटे पुन्हा कोण उकळतो? बटाटे ना कुजके होते ना शिळे. फक्त भांडं चुकलं होतं.

योगायोग असा की त्याच वर्षी स्टीम कॅनरचे दिवस पालटले. त्याआधी कित्येक वर्षं अमेरिकेतली तज्ज्ञमंडळी त्याला नकोच म्हणत, कारण त्यासाठी तपासून ठरवलेल्या वेळा नव्हत्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात चाचण्या झाल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आला की आंबट पदार्थांसाठी स्टीम कॅनर सुरक्षित आहे, उकळत्या पाण्याच्या कॅनरसाठी तपासलेली कृती आणि तीच वेळ वापरायची. लोकांना हे आवडणारच होतं. मोठ्या कॅनरमध्ये बरण्या बुडवायला बारा-पंधरा लिटर पाणी उकळावं लागतं, इथे दोनेक लिटरमध्ये काम होतं. भांडं उचलताना कंबरही शाबूत राहते.

पण अटी आहेत आणि लोक त्या वाचत नाहीत. वाफ झाकणाच्या भोकांतून वीतभर लांब, अखंड झोतात यायला लागली की मगच घड्याळ लावायचं. तोवर आत हवा असते, आणि हवा मिसळलेली वाफ नुसत्या वाफेइतकी तापत नाही. आई कुकर लावताना सांगायची, "आधी वाफ येऊ दे, मग शिट्टी ठेव." तेच हे. मध्येच झाकण उचलून डोकवायचं नाही. वाफ मंदावली तर वेळ पुन्हा शून्यापासून मोजायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकूण वेळ ४५ मिनिटांच्या वर जाता कामा नये, कारण एवढ्याशा पाण्यात त्याहून जास्त वेळ भरवशाची वाफ निघत नाही. पाणी आटलं की भांडं कोरडंच तापत राहतं.

या ४५ मिनिटांनी माझी पंचाईत केली. ठेचून शिजवलेल्या टोमॅटोला अर्ध्या लिटरच्या बरणीत (पाइंट) समुद्रसपाटीला ३५ मिनिटं लागतात आणि जवळजवळ एक लिटरच्या बरणीत (क्वार्ट) ४५. मुंबईत किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर दोन्ही बसतात. पण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून वेळ वाढवावा लागतो. पुणे ५६० मीटरवर आहे. तिथे छोटी बरणी ४० मिनिटं आणि मोठी ५०, म्हणजे मोठी बाद. डेन्व्हर १,६०० मीटरवर, इथे पाणी ९५ अंशांनाच उकळतं. छोटी बरणी बरोब्बर ४५ मिनिटांवर, मोठी ५५ वर. मी हौसेनं आणलेल्या डझनभर मोठ्या बरण्यांत आता डाळी भरून ठेवल्यात.

टोमॅटोबद्दल आणखी एक. तो आंबट लागतो, पण पीएच ४.६ च्या आसपासच घोटाळतो, कधी अलीकडे, कधी पलीकडे. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक अॅसिड घालायचं. ताज्या लिंबाचा रस नको. चवीला तो कितीतरी चांगला, पण त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो, बाटलीतल्याचा ठरावीक असतो. बाटलीतला रस शहाणा ठरतो अशी ही एकच जागा मला माहीत आहे.

प्रेशर कॅनरची शिस्त वेगळी. झाकण लावून दहा मिनिटं नुसती वाफ सोडायची, मग शिट्टीसारखं वजन ठेवायचं. आत हवा राहिली तर काटा दाब बरोबर दाखवेल, पण तापमान कमीच असेल. उंचीवर इथे वेळ वाढवत नाहीत, दाब वाढवतात. वजनानं दाब राखणाऱ्या कॅनरला समुद्रसपाटीला १० पौंड दाब, हजार फुटांच्या वर १५. तबकडीवरच्या काट्यानं दाब दाखवणाऱ्या कॅनरला ११ पासून सुरुवात, डेन्व्हरला १३. काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो, तो कुणाचाही सगा नसतो. भिजवून अर्धा तास उकळलेला राजमा अर्ध्या लिटरच्या बरणीत ७५ मिनिटं घेतो. आणि शेवटी गॅस बंद करून भांड्याला हात न लावता आपोआप गार होऊ द्यायचं.

इथे आपल्याकडचा हमखास प्रश्न येतो: मग घरचा कुकर काय वाईट? दाब तोच, तापमानही जवळपास तेच. मीही हाच हिशेब केला होता. पण तपासलेल्या वेळांमध्ये भांडं तापायला आणि गार व्हायला लागणारा वेळही धरलेला असतो. जड प्रेशर कॅनर संथ तापतो, संथ निवतो, आणि त्या उतरत्या उष्णतेतही बीजाणू मरत असतात. आपला कुकर झटकन तापतो, झटकन उतरतो, वर घाईत आपण तो नळाखाली धरतो. शिट्टी झाली की दाब पडतो, पुन्हा चढतो. डाळीला त्यानं काही बिघडत नाही. बरणीच्या मधोमध किती उष्णता पोचली, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशेबानं क्वार्टच्या किमान चार बरण्या उभ्या मावतील तोच प्रेशर कॅनर. बटणांचे इलेक्ट्रिक कुकर मिळतात, काहींवर 'कॅनिंग' असं लिहिलेलंही असतं. जॉर्जिया विद्यापीठातलं नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशन त्यांत प्रेशर कॅनिंग करू नका असंच सांगतं.

मावशीचा पुढचा प्रश्न रास्त होता: "आमचं लोणचं वर्षभर टिकतं, त्याला कुठे लागतं हे सगळं?" लागत नाहीच. कैरीच्या लोणच्यात आंबटपणा आणि भरपूर मीठ असतं, मुरांब्यात आंबट कैरी आणि साखर असते, सांडगे-पापडात ओलच उरत नाही. तीच कामं वेगळ्या वाटांनी होतात. फक्त तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणीपासून जपायला हवं: आंबटपणा नाही, मीठ बेताचं, वर तेलानं हवा बंद. ती फ्रीजमध्येच ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी.

आमरसाचं काय, असं परदेशातले आपले लोक हमखास विचारतात. पिकलेल्या आंब्याचा पीएच जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलतो, काही वेळा ४.६ ओलांडतो. म्हणून मी तो कॅनरजवळही नेत नाही, सरळ फ्रीझरमध्ये टाकते. आमटीचंही तसंच. घट्ट डाळीत उष्णता हळू शिरते, फोडणीच्या तेलानं आणखी अडते, आणि फोडणीच्या आमटीची तपासलेली कृती माझ्या पाहण्यात नाही. अंदाजानं वेळ ठरवण्याची ही जागा नव्हे.

टोमॅटोपुरतं मात्र माझं मोदकपात्र पुरतं. दहा किलोंच्या साधारण चौदा छोट्या बरण्या होतात, सात-सातचे दोन घाणे. गॅस बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबायचं, झाकण आपल्यापासून दूर तिरकं करून उचलायचं, बरण्या पंचावर ओळीनं ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना छेडायचं नाही. मग प्रत्येक झाकणाच्या मध्यावर बोट दाबून बघायचं. खाली-वर होत असेल तर ते बसलेलं नाही. गेल्या वर्षी चौदांपैकी एक बसलं नव्हतं. ती बरणी फ्रीजमध्ये गेली, आणि संध्याकाळी तिचं सार झालं.