नेइग्वान

नेइग्वान : चिनी सूचिचिकित्सेतील (ॲक्युपंक्चर) हाताच्या कोपराखालच्या भागावरील एक बिंदू. शरीरातून जीवनशक्ती (ची) ज्या कल्पित वाटांनी वाहते त्यांना मार्गिका म्हणतात; त्यांतील हृदयावरण (हृदयाभोवतीचे आवरण) मार्गिकेच्या नऊ बिंदूंपैकी हा सहावा. ‘नेइ’ म्हणजे आतला, ‘ग्वान’ म्हणजे नाका. हाताच्या मागच्या बाजूस याच्या बरोबर समोर वाइग्वान, म्हणजे ‘बाहेरचा नाका’, आहे. तळहाताच्या बाजूने मनगटाच्या वळीपासून कोपराकडे दोन त्सुन अंतरावर, दोन ठळक कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधोमध हा सापडतो. त्सुन हे माप रुग्णाच्याच शरीरावरून घेतात. मनगट ते कोपर हे अंतर बारा त्सुन धरले जाते, आणि रुग्णाची तीन बोटे आडवी ठेवली की दोन त्सुन सामान्यतः भरतात. काही लोकांत मनगटाची लांब कंडरा जन्मतःच नसते. त्यांच्या बाबतीत उरलेल्या कंडरेची आतली, म्हणजे करंगळीकडची, कड धरावी लागते.

बिंदूच्या प्राचीनत्वाचा प्रश्न मार्गिकेच्या इतिहासाशी निगडित आहे. हूनान प्रांतातील मावांगदुई येथे १९७३ मध्ये, इ. स. पू. १६८ च्या थडग्यात मिळालेल्या रेशमी हस्तलिखितांत अकराच मार्गिका आहेत. त्यांत हृदयावरणाची नाही, बिंदूंची नावेही नाहीत. ही बारावी मार्गिका लिंगशू या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात दिसते. त्याचे संकलन सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातले मानतात. काही अभ्यासक ते आणखी नंतरचे मानतात. त्याच्या दहाव्या अध्यायात नेइग्वान ‘मनगटापासून दोन त्सुनांवर, दोन कंडरांमध्ये’ असा नावानिशी येतो. मात्र दुसऱ्या अध्यायात आज हृदयावरणाचे मानले जाणारे बिंदू, लाओगोंग व दालिंग यांसह, थेट हृदयाच्या नावे दिले आहेत. म्हणजे हृदयाला सुई लावू नये म्हणून त्याच्या आवरणाला स्वतंत्र मार्गिका मिळाली, हे स्पष्टीकरण मागाहूनचे असावे. ग्रंथात निरनिराळ्या काळांचे थर आहेत, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

नेहमीच्या बारा मार्गिकांखेरीज आठ विशेष वाहिन्या मानतात; त्यांच्याशी जोडणारे आठ संगम-बिंदू युआन काळापासून (तेरावे-चौदावे शतक) प्रचलित आहेत. त्यांत नेइग्वान यिनवेई या वाहिनीचा मानला जातो. पायावरील गोंगसुन बिंदूबरोबर तो हृदय, छाती व जठर यांच्या तक्रारींवर वापरतात. छातीत धडधड, उचकी, अस्वस्थता, निद्रानाश हे त्याचे इतर परंपरागत उपयोग.

मळमळ व उलटी यांवरील उपयोगाचा अभ्यास सर्वाधिक झाला. बेलफास्ट येथील भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर तो तपासला. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या व ७,६६७ रुग्ण होते. खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळ व उलटी कमी आढळली, पण पुराव्याची प्रत कमी ठरवली गेली. बोटीच्या प्रवासातील मळमळीवर वापरले जाणारे गोटीचे मनगटी पट्टे याच बिंदूवर बसतात.

भारतीय लेखनात नेइग्वानची सांगड कधी कधी इंद्रबस्ती किंवा मणिबंध या मर्मांशी घातली जाते. ती स्वीकारणे कठीण आहे. सुश्रुतसंहितेतील मर्मे ही शस्त्रवैद्याने जपायची स्थाने आहेत. इथे मात्र मुद्दाम सुई टोचतात.

बिंदूखालून मध्य तंत्रिका जाते. बोटांत वीज चमकल्यासारखे झाले, तर सुई लगेच मागे घ्यावी लागते.