शाळेतलं फुकट जेवण: सरसकटचं वेगळं आणि अर्जाचं वेगळं

दर सप्टेंबरला तेच. "अगं आमच्या पिल्लूला शाळेत फ्री मिळतंच की जेवण, मग परत तो फॉर्म कशाला?" इंग्लंडमधल्या मराठी आयांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचीने "अगं आमच्या" म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करते. आणि दरवेळी तेच उत्तर, की बाई, ती दोन वेगळी जेवणं आहेत. ताट एकच, पण जेवणं दोन.

सगळा घोळ नावाचा आहे. दोन्हीला "फ्री स्कूल मील" म्हणतात. म्हणून मी माझ्यापुरती नावं ठेवलीत, सरसकटचं आणि अर्जाचं.

सरसकटचं तुम्हाला माहितीच आहे. रिसेप्शन, इयर वन, इयर टू, म्हणजे शाळेची पहिली तीन वर्षं, सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण फुकट, बाप बँकेत असो नाहीतर घरी बसलेला असो, सप्टेंबर २०१४ पासून चालूय. आपल्याकडच्या शाळेतल्या खिचडीसारखंच, कोणी पगार विचारत नाही. लंडनमध्ये मेयरच्या पैशातून २०२३ पासून इयर सिक्सपर्यंत, म्हणजे प्रायमरी संपेपर्यंत मिळतं. स्कॉटलंड-वेल्सचे नियम निराळे, त्यामुळे ग्लासगोच्या नणंदेने काय सांगितलं ते इथे लावू नका.

आता अर्जाचं. हे घरच्या परिस्थितीवर मिळतं. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या घराला मिळणारा सरकारी भत्ता (बेनिफिट), असेल आणि टॅक्स वगैरे जाऊन नोकरीधंद्याची कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत असेल तर. इथे लोक बेनिफिटचे पैसे पण कमाईत धरतात आणि "आम्ही बसत नाही" म्हणून सोडून देतात. नाही हो, फक्त कमाई मोजायची, बेनिफिट नाही! २०१८ पासून ही रेघ आहे. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट असलेल्या प्रत्येक घराला जेवण, असं सरकारने जाहीर केलंय, कमाई कितीही असो.

मग मूल लहान असताना, सरसकटचं मिळत असताना, अर्ज का करायचा? खरी गोम इथेच आहे, आणि शाळा पण हे नीट सांगत नाहीत, एक ओळीचं ईमेल टाकतात आणि गप्प.

अर्ज जेवणाचा दिसतो पण तो नुसता जेवणाचा नाही. ७,४०० च्या आतल्या घराचा अर्ज पास झाला की ते मूल शाळेच्या नोंदीत येतं, आणि ऑक्टोबरमध्ये शाळेतल्या मुलांची गणती होते तेव्हा त्या नोंदीवर शाळेला सरकारकडून पैसे मिळतात. त्याला प्युपिल प्रीमियम म्हणतात. २०२५-२६ साठी प्रायमरीच्या एका मुलामागे १,५१५ पौंड, सेकंडरीला १,०७५. आणि एकदा नोंद झाली की पुढची सहा वर्षं ते मूल मोजलं जातं, मधे घरची कमाई वाढली तरी. सरसकटच्या जेवणावर यातला एक पेनी पण येत नाही. म्हणजे मूल रोज फुकट जेवतंय, सगळं छान दिसतंय, आणि शाळेच्या हिशोबात त्या मुलाच्या नावापुढे शून्य. एका शाळेत अशी दहा घरं फॉर्म न भरता बसली की वर्षाचे १५,१५० पौंड गेले. नंतर आपणच म्हणायचं की वर्गात मदतनीस कमी केले.

(आणि हो, "मग ते पैसे आमच्या खात्यात कधी येतात?" येत नाहीत. शाळेला जातात. हे पण दरवर्षी विचारतात.)

सुट्टीतल्या खाण्या-खेळाच्या फुकट कॅम्पचं पण तसंच. ईस्टर, उन्हाळा, ख्रिसमसला जे असतात ते मुख्यतः अर्जवाल्या मुलांसाठी. नुसत्या सरसकटवाल्याला काऊन्सिल (आपल्या नगरपालिकेसारखी) बुकिंगचा कोड पाठवत नाही.

माझी एक मैत्रीण मिल्टन कीन्सला असते. नवरा डिलिव्हरी करतो, कमाई कधी आहे कधी नाही, युनिव्हर्सल क्रेडिट चालू. मोठ्याची तीन वर्षं तिने फॉर्म भरला नाही, कारण "मिळतंय की". इयर थ्रीच्या सप्टेंबरात शाळेच्या ॲपवर जेवणाचं खातं लाल रंगात, मायनस चौदा पौंड. तिला वाटलं ॲप बिघडलं. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसमधून फोन आला तेव्हा कळलं की सरसकटचं इयर टूलाच संपतं. अर्ज केला, दोन दिवसांत पास झाला, पण मागचे पैसे भरावेच लागले. आणि शाळेचे तीन वर्षांचे प्रीमियमचे पैसे बुडाले ते बुडालेच.

फॉर्मचं लोक उगाच टेन्शन घेतात. काऊन्सिलच्या साइटवर जायचं, मुलाचं नाव, शाळा, तुमची जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर, तो दोन अक्षरं, सहा आकडे, शेवटी एक अक्षर असा असतो. पुढचं कॉम्प्युटर तपासतो. पाच मिनिटं.

व्हिसावाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण इथे भीती फार. बऱ्याच व्हिसांवर पब्लिक फंड, म्हणजे सरकारी भत्ते, घ्यायला बंदी असते. "पब्लिक फंड घेतला तर व्हिसा जाईल" म्हणून लोक शाळेतल्या जेवणालाही हात लावत नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिट हा पब्लिक फंड आहे, ते घेऊ नका. शाळेतलं जेवण पब्लिक फंडात येत नाही, ना सरसकटचं ना अर्जाचं. पब्लिक फंड बंद असलेल्या घरांना अर्जाच्या जेवणासाठी वेगळी कमाईची मर्यादा आहे, २०२५ च्या नियमात एक मूल असेल तर लंडनबाहेर २२,७०० आणि लंडनमध्ये ३१,२०० पौंड, दोन किंवा जास्त मुलं असतील तर जरा वर, शिवाय बचत पण बघतात. आयटीवाले बहुतेक बसणार नाहीत. पण मुलंबाळं घेऊन पीएचडीला आलेले, केअरमध्ये एकाच पगारावर चाललेले, त्यांनी शाळेत विचारा. यांची तपासणी कॉम्प्युटरवर होत नाही, पेस्लिप वगैरे कागद द्यावे लागतात, जरा चिकाटी धरा.

"आपण काय गरीब आहोत का" याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगते की जेवणाच्या रांगेत कोणाला काही कळत नाही, ट्रे तोच, जॅकेट पोटॅटो तोच, वरचे बीन्सही तेच.

२०२६ च्या बदलानंतर हा घोळ अजून वाढणार, माझी खात्री आहे. जेवण युनिव्हर्सल क्रेडिटवाल्या सगळ्यांना, पण प्रीमियमसाठी मात्र जुनी ७,४०० चीच रेघ. म्हणजे अर्जाच्या जेवणातच आता दोन पोटजाती.

त्या मैत्रिणीचा धाकटा यंदा रिसेप्शनला गेला. फॉर्म तिने जुलैतच भरून टाकला, शाळेला त्याचा प्रीमियम लागू. आणि तो? त्याला बीन्स बघवत नाहीत, रोज डब्यात पोळीभाजी नेतो. तरी नोंद चालते, कारण नोंद घराच्या कमाईवर होते, तो काय खातो त्यावर नाही.